रास्त तुलनेचा प्रयोग : शाळेच्या वाफ्यापासून शिवारापर्यंत

परभणी येथील कृषी विद्यापीठाचे प्रक्षेत्र पाहावयास जाणाऱ्या शेतकऱ्यास तेथील एका गोष्टीचे हटकून नवल वाटते. एकाच पिकाचे चार-सहा तासांचे लहान लहान तुकडे पाडलेले असतात, प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी खुंटीवर पाटी असते, आणि त्या पाट्यांवरील क्रमांक ओळीने लागलेले नसतात. पहिल्या पट्ट्यात जो वाण कडेला दिसतो, तोच दुसऱ्या पट्ट्यात मधोमध आणि तिसऱ्यात अगदी बांधालगत आढळतो. वाण चांगला आहे तर तो सलग एका जागी का पेरीत नाहीत, असे तुकडे पाडून जमीन वाया का घालवितात, असा प्रश्न मग साहजिकच विचारला जातो. हा प्रश्न ज्यास पडला त्याने अर्धे काम केले आहे, असे समजावयास हरकत नाही. कारण शेतीतील प्रयोगाचे सारे शास्त्र या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

परभणीस अशा प्रयोगांची परंपरा जुनी आहे. निजामाच्या राजवटीत १९१८ साली येथे सरकारी मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्र सुरू झाले. १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय निघाले, १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली आणि २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी आणि ‘परभणी मोती’ ही रब्बी ज्वारी आज जिल्ह्याबाहेरही ठाऊक आहे, ती याच भूमीतून गेली. तथापि कोणताही वाण शेतकऱ्याच्या हाती पडण्यापूर्वी त्याची जी तुलना व्हावी लागते, ती कशी करतात हे मात्र वाणाच्या नावाइतके कोणास माहीत नसते. शाळेतील विद्यार्थ्यांस ते शिकविता येते, आणि त्यास प्रयोगशाळेची काचसामग्री लागत नाही.

वरील प्रश्नाचे उत्तर प्रथम पाहावे. कोणतेही शेत दिसते तसे एकसारखे नसते. एका कोपऱ्यात पूर्वी उकिरडा होता. दुसरीकडे मागील उन्हाळ्यात मेंढ्या बसविल्या होत्या. उताराच्या खालच्या बाजूस गाळ साचून जमीन खोल झाली आहे. बांधावरील बाभळीची सावली आणि मुळे चार तासांपर्यंत पोहोचतात. गोदाकाठच्या काळ्या भारी रानात हे फरक डोळ्यांना चटकन दिसत नाहीत, जिंतूरकडील हलक्या माळरानात ते पावलोपावली दिसतात. पण असतात ते दोन्हीकडे. अशा शेतात वरच्या अर्ध्या भागात एक वाण आणि खालच्या अर्ध्या भागात दुसरा पेरला, आणि खालच्यास दोन पोती अधिक आली, तर ती वाणामुळे आली की गाळामुळे, हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. यास्तव प्रत्येक वाणास चांगल्या आणि वाईट जमिनीचा वाटा सारखा मिळावा म्हणून तुकडे पाडतात, ते अनेक वेळा पुन्हा पुन्हा घेतात, आणि कोणता तुकडा कोणाच्या वाट्यास जावा हे चिठ्ठी टाकून ठरवितात. चिठ्ठी एवढ्याचसाठी, की माणसाने स्वतः जागा निवडली तर ज्या वाणावर त्याची मर्जी आहे त्यास नकळत बरी जागा मिळते.

ही रीत अलीकडची आहे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू होते व त्यांच्या नोंदींचे ढीग साचले होते. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर नावाचा गणिती तेथे आला. आधी प्रयोग करून मागाहून आकड्यांतून अर्थ काढीत बसण्यापेक्षा प्रयोगाची मांडणीच अशी करावी की आकडे खोटे बोलू शकणार नाहीत, हा विचार त्याने पक्का केला, आणि १९३५ मध्ये प्रयोगांच्या आखणीवर ग्रंथ लिहिला. आपल्याकडे हे शास्त्र शेतापर्यंत आणण्यात दोन मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्रावर लिहिलेले पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केले; कृषी महाविद्यालयांतून अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. पीक कापणी प्रयोगाची शास्त्रीय बैठक घालून देण्यातही या दोघांचा मोठा वाटा होता. पीक विम्याच्या निमित्ताने गावात कापणी प्रयोग होतो, तेव्हा कोणाच्या शेतात आणि शेताच्या कोणत्या भागात चौकट आखावयाची हे मर्जीवर सोडलेले नसते, याचे कारण हेच.

शाळेतील प्रयोगांत राहणारा दोष

आता शाळेकडे वळावे. रोपास सूर्यप्रकाश लागतो हे दाखविण्याचा प्रयोग बहुतेक शाळांत होतो. एक कुंडी खिडकीत ठेवतात, दुसरी कपाटात. आठ दिवसांनी खिडकीतील रोप हिरवेगार व कपाटातील पिवळे दिसते, आणि प्रयोग यशस्वी झाला असे वहीत लिहिले जाते. चौकस विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. खिडकीत ऊन होते तसा वाराही होता. कपाटात अंधार होता तशी कोंदट हवाही होती. खिडकीतील कुंडीस रोज पाणी घातले गेले, कपाटातील कुंडीचा दोन दिवस विसर पडला. दोन्हींकडे रोप एकेकच. त्यांतील एक मुळातच अशक्त असेल तर? म्हणजे प्रकाश ही एकच गोष्ट बदलली असे वाटले, वस्तुतः चार गोष्टी बदलल्या.

याहूनही एक मौज आहे. विद्यार्थ्याने रंगाऐवजी उंची मोजली असती, तर अंधारातील रोप अधिक उंच भरले असते. कारण प्रकाशाच्या शोधात ते लांब व लेचेपेचे वाढते. मग अंधारात रोपे चांगली वाढतात असा निष्कर्ष त्याने प्रामाणिकपणे लिहिला असता. तेव्हा काय मोजावयाचे, हे ठरविणे प्रयोग करण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पुस्तकात यांस चल म्हणतात. आपण हेतुपुरस्सर बदलतो तो स्वतंत्र चल, त्यामुळे जे बदलते व आपण मोजतो तो अवलंबी चल, आणि बाकीचे जे मुद्दाम सारखे ठेवतो ते नियंत्रित चल. ही नावे आठवीच्या मुलास पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्याऐवजी गुरुजींनी फळ्यावर तीन रकाने आखावेत : ‘बदलावयाचे’, ‘मोजावयाचे’, ‘सारखे ठेवावयाचे’. पहिल्या दोन रकान्यांत एकेकच गोष्ट लिहू द्यावी. तिसऱ्या रकान्यात वर्ग थकेपर्यंत भर घालू द्यावी. खरे शिक्षण तिसऱ्या रकान्यात होते. जी मुले घरी शेतावर काम करतात ती येथे इतरांच्या पुढे जातात, हा अनुभव गुरुजींना येईलच.

सोयाबीन का उगवले नाही?

परभणी जिल्ह्यातील मुलांसाठी प्रयोगाचा विषय दूर शोधावयास नको. २०२० च्या खरिपात मराठवाड्यासह राज्याच्या अनेक भागांत सोयाबीन उगवलेच नाही. शेतकऱ्यांच्या तक्रारींचा पाऊस पडला, दुबार पेरणीचा खर्च बोकांडी बसला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. बियाणेच निकृष्ट होते असे शेतकरी म्हणत. आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, काढणीच्या वेळी अवकाळी पावसात पीक भिजले होते, त्यामुळे बियाण्याची उगवणशक्तीच कमी झाली होती, असेही कारण पुढे आले. उलट पेरणी खोल झाली, पुरेसा पाऊस होण्याआधीच पेरले, पोती आदळली, अशीही कारणे सांगण्यात आली.

ही सर्वच कारणे खरी असू शकतात. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते. मळणीयंत्राच्या वेगाने किंवा पोते आदळल्याने आतला अंकुर दुखावतो. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करावी आणि बी साधारण ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल पडू देऊ नये, ही शिफारस आहे. परंतु एखाद्या शेतात बी उगवले नाही तर त्या शेतापुरते कारण कोणते, हे शिफारस वाचून कळत नाही. तेथे बियाणे, खोली, ओल व हाताळणी या चारही गोष्टी एकदम बदललेल्या असतात, आणि ज्याच्या अंगावर दोष येतो तो दुसऱ्या गोष्टीकडे बोट दाखवितो. शेतकऱ्याचे हजारो रुपये आणि पेरणीचे आठ-दहा मोलाचे दिवस यातच जातात.

येथे एक साधी रास्त तुलना शेतकऱ्याच्या बाजूने उभी राहू शकते. पेरणीच्या दिवशी पिशवीतील दोन मुठी बी, पिशवी, तिची खूणचिठ्ठी आणि पावती जपून ठेवावी. शेतात उगवण कमी दिसली, तर ठेवलेल्या बियांपैकी १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत व सावलीत ठेवून गोणपाट ओलसर राखावे. गोणपाटात खोलीचा प्रश्न नाही, ओल भरपूर आहे, पपडी नाही. तेथेही दाणे उगवले नाहीत तर दोष बियाण्यात आहे असे म्हणावयास जागा होते. तेथे ८० उगवले आणि शेतात ३०, तर कारण शेतात शोधले पाहिजे. न मोजता केलेली तक्रार आणि मोजून केलेली तक्रार यांच्या वजनात फरक पडतो.

हीच चाचणी पेरणीपूर्वी केली तर तक्रारीची वेळच टळते, हे गावोगाव सांगितले जाते. शंभरांत ७० किंवा अधिक दाणे उगवले तर हेक्टरी ७५ किलो बियाणे पुरते. कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. सोयाबीनच्या सरळ वाणाचे बियाणे घरचे राखता येत असल्याने ही चाचणी दर वर्षी उपयोगी पडते. दहा-दहाच्या दहा रांगा मांडून दाणे मोजण्याचे काम चौथीची मुले सुद्धा बिनचूक करतात.

बारा डब्यांचा प्रयोग

परंतु उगवण चाचणी ही मोजणी झाली. प्रयोग तिच्यापुढे सुरू होतो. वर्गाने एकच प्रश्न घ्यावा : पेरणीच्या खोलीने सोयाबीनच्या उगवणीत फरक पडतो काय? बदलावयाचे ते खोली; २, ४ आणि ८ सेंटिमीटर. मोजावयाचे ते दहाव्या दिवसापर्यंत जमिनीबाहेर आलेल्या रोपांची संख्या. बाकी सारे सारखे.

तेलाचे रिकामे डबे आडवे कापून घ्यावेत व तळाशी खिळ्याने सारखी छिद्रे पाडावीत. असे बारा डबे लागतील. माती एकाच ढिगातली, एकाच चाळणीतून काढलेली असावी. दाणे एकाच पिशवीतले, परंतु नुसते वरचे नव्हेत. वरून, मधून व तळातून काढून एकत्र मिसळावेत. येथे मुलांवर बारीक लक्ष ठेवावे लागते. ज्या डब्यात उगवण चांगली होईल असे त्यांना वाटते त्यात ती टपोरे दाणे टाकतात आणि फुटके दाणे दुसऱ्या डब्यात जातात. यात लबाडी नसते. हात मनाच्या मागे जातो. म्हणून एका मुलाने न पाहता २५-२५ दाणे मोजून बारा पुड्या बांधाव्यात, आणि कोणती पुडी कोणत्या डब्यात हे दुसऱ्याने ठरवावे.

खोली राखण्याची युक्ती अशी. काडीने भोके पाडून दाणे ढकलू नयेत. त्यात ८ सेंटिमीटरचे भोक अर्धे मोकळेच राहते. तळास माती घालून सारखी दाबावी, तीवर दाणे पसरावेत आणि वरून नेमकी २, ४ किंवा ८ सेंटिमीटर माती चढवावी. तळाची माती त्या मानाने कमी-अधिक घेतली म्हणजे वरची पातळी सर्व डब्यांत एकच येते. पाणी एकाच पेल्याने, एकाच वेळी, हलक्या हाताने द्यावे.

डबे कोठे ठेवावयाचे? भिंतीलगत बाराही एका ओळीत ठेवले तर एका टोकास सकाळचे ऊन व दुसऱ्या टोकास छपराचे थेंब, असा अन्याय होतो. त्याऐवजी तीन-तीन डब्यांचे चार गट करावेत. प्रत्येक गटात तिन्ही खोल्यांचा एकेक डबा असावा आणि गटातील क्रम चिठ्ठी टाकून ठरवावा. एक गट भिंतीजवळ, एक पिंपळाच्या सावलीकडे, एक परसबागेच्या कुंपणाशी असला तरी बिघडत नाही. कारण जी अडचण आहे ती गटातील तिघांसही सारखीच आहे. एवढे झाले की मुलांस परभणीच्या प्रक्षेत्रावरील त्या विस्कळीत पाट्यांचा अर्थ आपोआप कळतो. त्यांनी तेच केलेले असते.

पाणी देण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहून तारीख घालावी. मागाहून ‘मला वाटलेच होते’ असे म्हणणाऱ्यांची संख्या त्यामुळे बरीच कमी होते.

पुढील दहा दिवस रोज एकाच वेळी मोजणी करावी. कोंबडीने डबा उकरला, खारीने दाणे नेले, एखादा डबा लवंडला, तर ते वहीत लिहावे. नको असलेला आकडा येतो म्हणून कोणताही डबा मोजणीतून काढू नये. आणि काढणे भागच पडले तर कारण लिहून काढावा व त्या गटातील बाकीचे दोनही डबे तपासून पाहावेत. खराब झालेला डबा लपविणारा विद्यार्थी पुढे खराब झालेले प्रात्यक्षिकही लपवील.

आकडे कसे वाचावेत

समजा, २ सेंटिमीटरच्या चार डब्यांत अनुक्रमे १९, २१, १८ व २० रोपे आली आणि ८ सेंटिमीटरच्या डब्यांत ११, १४, ९ व १२. पहिल्यातील सर्वांत वाईट डबा दुसऱ्यातील सर्वांत चांगल्या डब्याहून सरस आहे. येथे खोलीने फरक पडला असे म्हणावयास आधार आहे. आता दुसरी गोष्ट समजा : एकीकडे २१, १५, २०, १८ आणि दुसरीकडे १७, २०, १३, १८. बेरीज ७४ आणि ६८. सहा रोपे अधिक आली खरी. पण एकाच खोलीच्या डब्यांतही सहा-सात रोपांचा फरक आहे. हा आपसांतला फरक सहा रोपांस गिळून टाकतो. येथे ‘फरक दिसला नाही’ असे लिहावे व त्यात कमीपणा मानू नये. एकेकच डबा घेतला असता तर हा आपसांतला फरक कधी दिसलाच नसता, आणि २१ विरुद्ध १७ पाहून वर्गाने टाळ्या वाजविल्या असत्या.

उगवण कमी का झाली हे पाहण्यासाठी शेवटी ८ सेंटिमीटरचे डबे उलटून पाहावेत. सोयाबीनचे कोवळे रोप मान वाकवून आपली दोन्ही दळे जमिनीतून वर ओढून आणते. वरची माती जाड असली किंवा पावसाने तीवर पपडी धरली, तर मान मोडते. तुरीची दळे मात्र जमिनीतच राहतात आणि ज्वारी अणकुचीदार कोंब वर काढते. तेव्हा सोयाबीनवर आलेला निष्कर्ष तुरीस किंवा ज्वारीस लावता येत नाही. त्यांचे बारा डबे वेगळे मांडावे लागतील. पुढील वर्षीच्या वर्गास तेवढे काम राहू द्यावे.

एखादा वृद्ध शेतकरी हे पाहून म्हणेल, “गुरुजी, हे डब्यात ठीक आहे. वर ओल नसली की आम्ही खालच्या ओलीत बी टाकतो, तेव्हाच ते उगवते.” ही हरकत योग्य आहे व तिला मान दिला पाहिजे. रब्बीची ज्वारी पेरणाऱ्या या भागात ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आली आहे. डब्यांना रोज पाणी मिळत होते. म्हणून प्रयोगाचे उत्तर भरपूर ओल असतानाचे आहे, कोरड्या वरच्या थराचे नाही. त्यासाठी खोली आणि ओल या दोन्ही गोष्टी घेऊन चार जोड्या कराव्यात : उथळ व ओले, उथळ व कोरडे, खोल व ओले, खोल व कोरडे. ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ हा नियम शिकणाऱ्यासाठी चांगला आहे, पण तो अखेरचा नव्हे. दोन गोष्टींचा एकमेकींवर परिणाम होत असेल तर त्या एकत्र, परंतु सर्व जोड्यांनिशी तपासाव्यात, हे फिशरचेच सांगणे होते. आठवीस एक चल पुरे. दहावीची मुले दोन पेलू शकतात.

फिशरच्या ग्रंथातील चहाची गोष्टही मुलांस सांगण्यासारखी आहे. कपात आधी दूध ओतले की आधी चहा, हे आपणास चवीवरून कळते, असे एका बाईंचे म्हणणे. आठ कप करावेत, चार एका रीतीचे व चार दुसऱ्या, आणि चिठ्ठीने ठरविलेल्या क्रमाने त्यांच्यापुढे ठेवावेत. नुसत्या अंदाजाने आठही बरोबर येण्याचा संभव ७० पैकी १ एवढाच असतो. आपल्याकडे चहाऐवजी भाकरी घ्यावी. मालदांडीची भाकरी आपण डोळे झाकून ओळखू, असे म्हणणारी आजी घरोघर असते. तिला चार घास मालदांडीचे व चार दुसऱ्या ज्वारीचे, चिठ्ठीच्या क्रमाने, खरोखरच डोळे झाकून द्यावेत. पीठ एकाच जात्यातले किंवा गिरणीतले, तवा एकच व भाकऱ्या एकाच हाताच्या हव्यात, एवढी दक्षता घ्यावी. आजी बहुधा जिंकते असे म्हणतात; पण मोजून पाहावे.

वर्गाबाहेर

हे सारे शाळेत शिकलेली मुले घरी गेली म्हणजे त्याचा खरा उपयोग सुरू होतो. हंगाम आला की पीकवाढीच्या औषधांच्या बाटल्या गावात येतात. ‘अमक्याच्या शेतात फवारले, कापूस कमरेला लागला’ असे सांगितले जाते. अमक्याचे शेत विहिरीखाली होते, त्याने शेणखतही घातले होते, आणि न फवारलेला कापूस तेथे नव्हताच, हे कोणी सांगत नाही. दरवर्षी दोन हजारांची बाटली घ्यावी की नाही हे ठरविण्यासाठी तुलनेचे तास राखणे हाच एक मार्ग आहे.

त्याची रीत अशी. एकाच रानात, एकाच दिवशी पेरलेल्या पिकात सहा तासांस फवारणी करावी, पुढची सहा सोडावीत, असे चार वेळा करावे. आधी कोणत्या सहांस, हे प्रत्येक जोडीस नाणे उडवून ठरवावे. सोडलेल्या तासांवरही त्याच पंपाने नुसते पाणी फवारावे. उघडीप असताना पाण्याचाच थोडा गुण दिसतो व तो औषधाच्या खात्यावर जमा होतो. पंप आधी स्वच्छ धुवावा. काढणीच्या वेळी प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही कडांचे एकेक तास सोडून मधली चार तासे वेगळी काढावीत, कारण वाऱ्याने औषध शेजारी जाते. वजन करणाऱ्यास कोणते गाठोडे कोणत्या पट्ट्यातले हे सांगू नये. गाठोड्यांवर नुसते आकडे टाकावेत.

गावपातळीवर काम करणाऱ्यांनीही प्रात्यक्षिक घेताना हे पथ्य पाळावे. उत्साहाच्या भरात प्रात्यक्षिकासाठी गावातील सर्वांत होतकरू शेतकरी व त्याचे सर्वांत चांगले रान निवडले जाते, आणि तुलना केली जाते ती शेजाऱ्याच्या हयगयीने केलेल्या शेताशी. नवीन वाण, नवीन खत आणि नवीन अंतर एकदम दिल्यामुळे उत्पन्न वाढले तरी कशामुळे वाढले हे सांगता येत नाही, मग गरीब शेतकऱ्याने विचारले, “साहेब, मला यातले एकच परवडते, कोणते करू?” तर उत्तर सुचत नाही. प्रात्यक्षिकाच्या बाजूस, त्याच शेतकऱ्याच्या त्याच रानात, नेहमीच्या पद्धतीचा पट्टा असावा. तो पट्टा वाईट दिसावा म्हणून त्याची खुरपणी चुकवू नये, हे सांगावयास नको. तरी सांगितलेले बरे.

शाळेच्या वेळापत्रकाचा एक पेच उरतो. शाळा जूनच्या मध्यास उघडते आणि तोवर पेरणीची घाई लागलेली असते. म्हणून बारा डब्यांचा प्रयोग फेब्रुवारी-मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेपूर्वी उरकावा. त्याच वेळी प्रत्येक मुलाने घरच्या बियाण्याचे १०० दाणे आणून गोणपाटाची एक चाचणी वर्गात करावी व निकाल वडिलांच्या हाती द्यावा. साठवणीत, विशेषतः उन्हाळ्याच्या तापात, सोयाबीनची उगवण आणखी उतरते. तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस तीच चाचणी, त्याच पिशवीतील दाण्यांवर, मुलाने घरी पुन्हा करावी आणि दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी-शेजारी लिहावेत. हेक्टरी बियाणे किती लागेल, हा हिशेब दुसऱ्या आकड्यावरून करावयाचा असतो.